बेचिराग गावाची भिंत : व्हॅरम पर्सीचे सेंट मार्टिन चर्च

१/
इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यात, खडूच्या दगडाच्या बुटक्या टेकड्यांमधील एका दरीत छप्पर नसलेले एक लहानसे चर्च उभे आहे. मनोऱ्याचा निम्मा भाग कोसळलेला, आत गवत आणि भिंतींत दगडांनी बुजवून टाकलेल्या कमानी. हे व्हॅरम पर्सी गावाचे सेंट मार्टिन चर्च. कलेच्या इतिहासात त्याला फारसे स्थान नाही. परंतु मध्ययुगीन शेतकऱ्याच्या इतिहासात इतकी बोलकी वास्तू विरळाच. त्या बुजवलेल्या कमानींचा अर्थ उलगडणारा हा थ्रेड.

२/
आपल्याकडील महसुली दप्तरांत ‘बेचिराग’ असा एक शब्द आढळतो. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात दिवा लावणारे कोणी उरले नाही ते बेचिराग. गावाचे नाव कायम, शिवार कायम, वस्ती मात्र शून्य. व्हॅरम पर्सी इ. स. १५०० च्या सुमारास या अर्थाने बेचिराग झाले. आश्चर्य असे की गावातील शेवटची चूल विझल्यानंतरही तेथील चर्चमध्ये जवळजवळ साडेचारशे वर्षे उपासना चालू होती. गाव गेले, चर्च उरले. हे कसे घडले?

३/
त्यासाठी ‘पॅरिश’ ही व्यवस्था प्रथम समजून घ्यावी लागते. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या अधिकाराखालील ठरावीक भूप्रदेश. त्या हद्दीत जन्मलेल्याचा बाप्तिस्मा, विवाह आणि दफन त्याच चर्चमध्ये व्हावयाचे. हद्दीत पिकलेल्या धान्याचा, जन्मलेल्या कोकरांचा आणि कातरलेल्या लोकरीचा दहावा हिस्सा, म्हणजे दशांश, त्याच चर्चला द्यावयाचा. मध्ययुगीन शेतकऱ्याला राजा आयुष्यात एकदाही दिसत नसे. पॅरिश मात्र जन्मापासून थडग्यापर्यंत सुटत नसे.

४/
या चर्चचे दोन मुख्य भाग असत. पूर्वेकडे वेदीचा भाग, म्हणजे ‘चॅन्सेल’; तो धर्मगुरूंचा. पश्चिमेकडे लोकांनी उभे राहावयाचे मोठे दालन, म्हणजे ‘नेव्ह’, ते गावकऱ्यांचे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये १३ व्या शतकापर्यंत असा दंडक रूढ झाला की चॅन्सेलची डागडुजी दशांश घेणाऱ्याने करावी आणि नेव्हची पॅरिशमधील लोकांनी. म्हणून दालन केवढे, त्याला काय जोडले आणि काय पाडले, यावरून त्या लोकांच्या संख्येचा व ऐपतीचा अंदाज बांधता येतो. ज्यांनी स्वतःचा एकही कागद मागे ठेवला नाही, त्यांची ही जमाखर्चाची वही होय.

५/
व्हॅरम पर्सीची पॅरिश एका गावापुरती नव्हती. व्हॅरमखेरीज थिक्सेनडेल, रेस्थॉर्प, बर्डेल आणि टाउथॉर्प ही चार गावे तिच्या हद्दीत येत. तेथील लोक टेकड्यांवरील पायवाटांनी रविवारी उपासनेला येत आणि आपली प्रेतेही याच दरीत आणत. गावाची घरे वरच्या सपाटीवर, चर्च खाली झऱ्याजवळ. हा तपशील लक्षात ठेवावा. पुढे तोच निर्णायक ठरतो.

६/
या स्थळाचा आधुनिक इतिहास १९४८ मध्ये सुरू होतो. मॉरिस बेरेसफर्ड हे आर्थिक इतिहासाचे अभ्यासक त्या वर्षी लीड्स विद्यापीठात रुजू झाले. जुन्या शेतांच्या खुणा शोधताना त्यांना गवताखाली घरांचे चौथरे, परसांच्या सीमा आणि बुजलेले रस्ते दिसू लागले होते. इंग्लंडमध्ये गावे उजाड होणे ही अगदी अपवादात्मक घटना होती, असे मानणारे नामवंत इतिहासकार त्या काळी होते. बेरेसफर्ड यांना या मताचा प्रतिवाद कागदाने नव्हे, तर जमिनीने करावयाचा होता.

७/
१९५० मध्ये व्हॅरम पर्सी येथे उत्खनन सुरू झाले. १९५२ मध्ये जॉन हर्स्ट हे पुरातत्त्वज्ञ त्यात सामील झाले आणि दरवर्षी उन्हाळ्यात काही आठवडे याप्रमाणे हे काम १९९० पर्यंत, म्हणजे ४० वर्षे चालले. काम करणारे बहुतांश स्वयंसेवक होते. अरुंद चर खणण्याऐवजी मोठा भाग थराथराने मोकळा करण्याची पद्धत ब्रिटनमध्ये रुजवणाऱ्या उत्खननांत व्हॅरमची गणना होते. आज इंग्लंडमध्ये उजाड झालेल्या मध्ययुगीन गावांची संख्या ३ हजारांच्या आसपास मानली जाते.

८/
१९६२ ते १९७४ या काळात उत्खननाचे लक्ष चर्चकडे वळले. गावोगावची चर्चे वापरात असल्याने त्यांच्या फरशा उखडून पाया पाहण्याची संधी सहसा मिळत नाही. येथे उपासना थांबली होती आणि छप्परही उरले नव्हते. त्यामुळे एका साध्या पॅरिश चर्चचा संपूर्ण जीवनक्रम जमिनीतून वाचण्याची संधी लाभली. अशा पहिल्या काही उत्खननांपैकी हे एक.

९/
फरशीखाली सर्वांत तळाशी खांबांचे खड्डे सापडले. त्यावरून १० व्या शतकात येथे एक लहानसे लाकडी चर्च असावे, असा निष्कर्ष काढण्यात आला. त्या काळात अशी चर्चे बहुधा स्थानिक जमीनदार स्वखर्चाने बांधत. ती त्यांची खासगी मालमत्ताच असे; धर्मगुरू त्यांनी नेमलेला, उत्पन्नातही त्यांचा वाटा. गावाचे चर्च आरंभी गावाचे नव्हतेच, ते गावाच्या धन्याचे होते. ते गावाचे कसे झाले, हे पुढील दगडांतून दिसते.

१०/
११ व्या शतकात लाकडाची जागा दगडाने घेतली. नवी इमारतही चिमुकलीच होती : एक दालन आणि पूर्वेला त्याहून लहान वेदीचा भाग. १०८६ मध्ये विजेत्या नॉर्मन राजाने देशाची जी महसुली पाहणी करवली, त्या ‘डूम्सडे’ नोंदीत व्हॅरमचे नाव येते. नावातील ‘पर्सी’ हे पुढे येथे धनी झालेल्या नॉर्मन घराण्याचे. १२ व्या शतकात जुन्या चर्चच्या जागी बरेच मोठे दालन उभे राहिले आणि पश्चिमेला मनोरा आला.

११/
१२ व्या शतकाच्या अखेरीस दालनाच्या दक्षिणेला एक बाजूदालन जोडले गेले. आपल्या घराला पडवी काढतात, तसाच हा प्रकार. रीत मोठी हुशारीची होती. जुनी भिंत पाडावयाची नाही. तिला टप्प्याटप्प्याने खाली भोके पाडून कमानी बसवावयाच्या, वरचा भाग त्या कमानींवर तोलावयाचा आणि बाहेर नवी भिंत बांधून उतरते छप्पर टाकावयाचे. आतून पाहणाऱ्याला भिंतीच्या जागी खांब व कमानींची रांग दिसते आणि दालन एकदम रुंद होते.

१२/
पुढे १३ व्या शतकाच्या आरंभी उत्तरेलाही अशीच पडवी निघाली. हा इंग्लंडमधील लोकसंख्यावाढीचा काळ. पूर्वी नांगर न लागलेल्या उतारांवरही शेते चढली. व्हॅरमच्या परिसरात त्या काळच्या नांगरटीचे वरंबे जमिनीवर ओळखता आले आहेत. पठारावरील घरांच्या रांगा आणि दरीतील चर्च या दोन्ही गोष्टी एकाच गतीने वाढत होत्या.

१३/
येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पडव्या केवळ गर्दी वाढली म्हणून काढल्या जात नसत. मृतांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करण्याची प्रथा वाढत होती आणि तिच्यासाठी जादा वेदी हव्या असत. शेजारच्या चर्चने केले म्हणून आपणही करावे, ही ईर्ष्याही असे. तेव्हा कमानी मोजून डोकी मोजता येत नाहीत. परंतु खर्च पेलण्याची ताकद असल्याखेरीज भिंतीला हात घातला जात नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

१४/
मग गाव का उजाड झाले? बहुतेकांच्या ओठांवर येणारे उत्तर म्हणजे १३४८-४९ ची प्लेगची महामारी. व्हॅरमलाही तिचा तडाखा बसला. परंतु गाव तिने संपवले नाही. १४ व्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे सुमारे ३० घरे नांदती होती. १४५८ पर्यंत ही संख्या १६ वर आली. महामारी आणि गावाचा शेवट यांच्यामध्ये तब्बल दीडशे वर्षांचे अंतर आहे. साथ हे कारण सोयीचे खरे. कारण तिच्यात कोणी गुन्हेगार नसतो.

१५/
प्लेगनंतर माणसे कमी झाली, मजुरी वाढली आणि धान्याला पूर्वीचा भाव राहिला नाही. उलट लोकरीला मागणी होती. नांगरटीला अनेक कुटुंबे लागतात; शेकडो मेंढ्यांना एक-दोन मेंढपाळ पुरतात. १४०३ मध्ये पर्सी घराण्याने हे गाव अदलाबदलीत हिल्टन घराण्याकडे दिले. नव्या धन्यांचे मूळ ठाणे दूर उत्तरेला. त्यांच्या लेखी व्हॅरम म्हणजे उत्पन्नाचा एक आकडा होता आणि हिशेब मेंढ्यांच्या बाजूने लागत होता.

१६/
इ. स. १५०० च्या सुमारास उरलेल्या कुटुंबांना बाहेर काढण्यात आले. ही केवळ व्हॅरमची गोष्ट नव्हती. १५१६ मध्ये थॉमस मोर यांनी ‘युटोपिया’ या ग्रंथात मेंढ्यांसाठी गावे ओस पाडणाऱ्यांवर कठोर टीका केली. १५१७ मध्ये राजाचे मुख्य मंत्री कार्डिनल वूल्झी यांनी अशा प्रकरणांची देशव्यापी चौकशी लावली. तिच्या नोंदीत व्हॅरम आले : हिल्टन यांनी ४ नांगर बंद पाडले आणि ४ घरे ओस पाडली.

१७/
अवघी ४ घरे. चौकशीच्या कक्षेत १४८८ नंतरची प्रकरणेच येत होती. त्यापूर्वी जी घरे एकेक करून रिकामी झाली, त्यांची मोजदाद कोणीच मागितली नाही. १६ वरून ४ पर्यंतची घसरण दप्तराबाहेरच राहिली. त्या कुटुंबांची नावे नाहीत, ती कोठे गेली याची नोंद नाही. दप्तरात जे विचारले जाते तेवढेच उतरते. दप्तर जेथे थांबते, तेथे चर्चची भिंत बोलू लागते.

१८/
मध्ययुगाच्या अखेरीस आणि १६ व्या शतकात चर्चच्या दोन्ही पडव्या पाडल्या गेल्या. वाढीची कृती उलट्या क्रमाने झाली : बाहेरची भिंत काढली, छप्पर उतरवले आणि कमानींमधील मोकळी जागा दगडांनी बुजवली. पाडलेल्या भिंतींतील खिडक्या टाकून न देता नव्या बुजवणीत बसवल्या गेल्या. १७ व्या शतकात वेदीचा भागही आखूड करण्यात आला. म्हणूनच आज बाहेरून पाहणाऱ्याला भिंतीत अडकलेल्या कमानी दिसतात. उघडी कमान ही भरतीची खूण, बुजलेली कमान ही ओहोटीची.

१९/
मात्र चर्च पाडले गेले नाही. ते गावाचे असले तरी पॅरिशचेही होते आणि पॅरिश धन्याच्या मर्जीने मिटवता येत नव्हती. व्हॅरमचे कूळ हुसकावता आले. थिक्सेनडेलच्या माणसाचा येथे उपासना करण्याचा आणि पुरले जाण्याचा हक्क हुसकावता आला नाही. दशांशाचा हक्कही जमिनीला चिकटलेला होता. रोमशी संबंध तुटून इंग्लंडचे चर्च प्रॉटेस्टंट झाले, प्रार्थनेची भाषा लॅटिनची इंग्रजी झाली. पायवाटा मात्र त्याच दरीत उतरत राहिल्या. सुरुवातीला धन्याची असलेली वास्तू अखेरीस धन्याच्या हाताबाहेर गेली.

२०/
चर्चच्या आवारातील दफनभूमीतून ६८७ सांगाडे अभ्यासासाठी उपलब्ध झाले. ते बहुतांशी मध्ययुगीन शेतकरी कुटुंबांचे आहेत. हाडांच्या रासायनिक पृथक्करणावरून असे दिसले की माता मुलांना सुमारे दीड वर्षापर्यंत अंगावर पाजत. पुढे मुलांची उंची आजच्या मुलांच्या तुलनेत संथ वाढे. वयस्क स्त्रियांच्या हाडांतील झीज मात्र आजच्या स्त्रियांइतकीच आढळली. ती झीज आधुनिक बैठ्या जीवनाची देणगी आहे, या समजुतीला त्यामुळे धक्का बसला.

२१/
एक कवटी विशेष उल्लेखनीय आहे. सुमारे ४० वर्षे वयाच्या, ११ व्या शतकाच्या आसपासच्या या पुरुषाच्या डोक्यावर जड वस्तूचा जबर घाव बसला होता. कोणीतरी त्याच्या डोक्याची कातडी बाजूला करून हाडाचे फुटके तुकडे काढले, मेंदूवरील दाब कमी केला आणि जखम भरून आली. हा मनुष्य त्यानंतर जगला. एका शेतकऱ्यावर इतक्या कौशल्याने उपचार करणारा कोणी त्या मुलखात होता; त्याचे नाव कोणत्याही ग्रंथात नाही.

२२/
काही माणसांना मात्र या आवारात जागा मिळाली नाही. गावातील घरांच्या परिसरात एका खड्ड्यातून किमान १० व्यक्तींची १३७ हाडे मिळाली होती. त्यांवर सुरीचे वार, जाळल्याच्या व फोडल्याच्या खुणा होत्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने उपासमारीतील नरमांसभक्षणाची शक्यता तपासली. तसे असते तर वार मांसल भागांवर असते. येथे ते डोके व मानेभोवती आढळले. ही माणसे परकीही नव्हती, दातांतील रासायनिक खुणांनुसार ती याच भागात वाढली होती.

२३/
अभ्यासकांच्या मते सर्वांत जुळणारा खुलासा असा : मृत उठून गावात हिंडू नये म्हणून त्याच्या प्रेताचा केलेला हा बंदोबस्त. १२ व्या शतकात यॉर्कशरमधीलच न्यूबर्गच्या विल्यम या धर्मपंडिताने अशा ‘चालत्या मृतां’च्या हकीकती नोंदवल्या आहेत. दरीत चर्चची घंटा वाजत होती आणि वर पठारावर ही भीती नांदत होती. बाप्तिस्मा घेतलेल्या गावाचे मन धर्मग्रंथांनी पूर्ण व्यापले नव्हते, हे या हाडांनी दाखवून दिले.

२४/
चर्चचा अंत शेवटी आला तो मेंढ्यांमुळे नव्हे, तर सोयीमुळे. १८७० मध्ये सर टॅटन साइक्स यांच्या खर्चाने थिक्सेनडेलमध्ये स्वतंत्र चर्च उभे राहिले. वास्तुकार जॉर्ज एडमंड स्ट्रीट. टेकडी ओलांडून दरीत उतरण्याचे कारण उरले नाही. व्हॅरममधील नियमित उपासना १९४९ मध्ये थांबली. त्यानंतर चोरांनी छपरावरील शिशाचे पत्रे काढून नेले, पाऊस आत शिरला आणि १९५९ मध्ये मनोऱ्याचा भाग ढासळला. आठशे वर्षांच्या भिंतीला एका दशकाचे दुर्लक्ष पुरेसे ठरले.

२५/
आज हे स्थळ ‘इंग्लिश हेरिटेज’ संस्थेच्या देखभालीखाली आहे. पठारावर गवताखालील घरांचे उंचवटे तिरप्या उन्हात स्पष्ट दिसतात. घरे पुसली गेली, कारण ती हुकुमाने रिकामी करता येत होती. चर्च उरले, कारण त्यावर पाच गावांचा हक्क होता. स्मारक किती भव्य यावरून ते टिकत नाही. त्यावर किती जणांचा हक्क आहे, यावरून ते टिकते.

२६/
व्हॅरमच्या शेतकऱ्याने आपली कहाणी लिहिली नाही. त्याला लिहिता येत नव्हते आणि लिहिणाऱ्यांना त्याच्याविषयी लिहावेसे वाटले नाही. परंतु त्याने भिंतीला कमान पाडली तेव्हा आपली भरभराट नोंदवली आणि पुढील पिढ्यांनी ती बुजवली तेव्हा आपले ओसरणे नोंदवले. कोणत्याही जुन्या देवळाच्या, मशिदीच्या वा चर्चच्या भिंतीत बुजलेले दार किंवा कमान दिसली, तर क्षणभर थांबावे. तेथे कोणाची ये-जा होती आणि ती कोणी, कशासाठी थांबवली, हा प्रश्न विचारण्यापासून इतिहास सुरू होतो.

(थ्रेड समाप्त)